सातशे बावन्न

प्रिन्सेस स्ट्रीटवर दाराशांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
बाबा रक्तदाबाची यंत्रं भरायचे.
खाली काउंटर, कुबड्या, कवळ्यांचे साचे.
वर बाबा, एक तिपाई,
आणि खोकल्याच्या औषधाएवढ्या बाटलीत
मला दोन्ही हातांनी उचलावा लागे एवढा पारा.

"तेरा बाटल्या हो, मग ये तोलायला,"
ते म्हणायचे. बहुधा नळाच्या पाण्याला.

लोखंडी नट त्यावर तरंगतो,
अर्धाअधिक बुडून, तबेल्यातल्या म्हशीसारखा निवांत.
बोट घातलं तर कोरडं बाहेर येतं.
मळका असला की ओघळताना शेपूट सोडतो;
मग बाबा तो मऊ कातड्याच्या पुरचुंडीतून पिळायचे
आणि खाली बशीत
काहीच न भिजवणारी सर पडायची.

नळीत त्याचा माथा फुगीर.
पाणी कसं कडेने काचेला लगटतं, तसं याचं नाही.
"वाचायचं ते फुगवट्याच्या शेंड्यावर. डोळा समोर.
वरून बघशील तर आजारी माणूस बरा दिसेल,
खालून बघशील तर बरा माणूस आजारी."

जिन्याजवळ हवेचा दाब मोजायची लांब नळी होती.
जुलैतल्या माझ्या पहिल्या वाढदिवशी
बाबांनी मला तिच्याशेजारी उभं केलं, भिंतीवर रेघ मारली:
मुंबईची हवा आणि मी,
दोघीही सातशे बावन्न मिलिमीटर.
नळी अजून तिथेच आहे. दर जुलैत
बावन्नच्या आसपास घुटमळते.
मी पुढे निघून आले.

एकदा आई डबा घेऊन वर आली
आणि फरशीवर सांडलेले मणी
उघड्या हाताने वेचत बसली, साबुदाणा सांडल्यासारखे.
संध्याकाळी अंगठी पांढरी.
तिला वाटलं, माहेरचं सोनं खोटं निघालं.
त्या रात्री घरात पारा चढला तो आईचा.
बाबांनी अंगठी चिमट्यात धरून स्टोव्हवर तापवली.
पारा उडाला. सोनं परत आलं,
खरखरीत, आजारातून उठल्यासारखं.
ज्या हवेत तो उडाला
त्याच हवेत आम्ही पिठलंभात जेवलो.
वास नव्हता.
वास असता
तर बाबांनी खिडकी उघडली असती.

पुढे त्यांची सही बदलली.
बँकेने दोनदा चेक परत पाठवला.
कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर.
डॉक्टरांनी खालच्या आवाजात विचारलं, "घेता का?"
ताडीसुद्धा न चाखलेले दत्ताराम चेऊलकर
हात मांडीखाली दाबून
लाजल्यासारखे हसले.

आता मी परळच्या इस्पितळात सिस्टर आहे.
वॉर्डात थर्मामीटर फुटला की पंखा बंद करते,
खिडक्या उघडते, सगळ्या,
फटीत पळालेल्या थेंबांवर गंधक भुरभुरते
आणि नव्या मुलींना सांगते, झाडू लावू नका,
एकाचे हजार होतील.
त्या विचारतात, तुम्हाला कसं ठाऊक?

मार्चमध्ये परिपत्रक आलं: पाऱ्याची सर्व यंत्रं जमा करणे.
एकेचाळीस निघाली. काही अडगळीत,
एक मेट्रनच्या कपाटात, साड्यांखाली.
तेविसाव्याच्या झाकणाच्या आत खिळ्याने कोरलेलं
द. चे.
आणि साल. अक्षर सरळ आहे.
हात तेव्हा ठीक होते.

रात्रपाळी होती. पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला,
फुगा दाबला.
तो चढला, तसाच, घाई न करता, काचेला न शिवता.
मग झडप सैल केली. डोळा समोर.
पहिला ठोका एकशे अठ्ठेचाळीसला,
शेवटचा ब्याण्णवला.

फॉर्मवर एक रकाना होता, यंत्राची अवस्था.
बाकी चाळिसांपुढे मी 'जुने' लिहिलं होतं.
इथे लिहिलं, अचूक.